हरण्यातला वाटेकरी

तुळशीचं लग्न झालं की आमच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळासमोर दशावतार उभा राहतो. त्याच्या कितीतरी आधी गावात एक चर्चा होऊन गेलेली असते. यंदा कुठला राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका करणारा नट, कुठल्या नाटक कंपनीत गेला, कोणाची स्त्रीपार्ट कोणी फोडली. नट कंपन्या बदलतात आणि त्याचं कोणालाही वावगं वाटत नाही. मी स्वतः लहानपणी एका नटाच्या मागे तीन वेगवेगळ्या कंपन्यांची नाटकं बघत गावोगाव फिरलो आहे. आपण जत्रेचे असतो, देवाचे असतो, त्या नटाच्या आवाजाचे असतो. कंपनीचा वेषांच्या सामानाचा पेटारा देवळात आला की त्याला हात जोडतो, पण तो पेटारा आपल्या घरातला नसतो.

फुटबॉलमध्ये पेटारा, म्हणजे क्लब, आपला असतो. नट येतात आणि जातात. आपण मात्र त्या पेटाऱ्याला जन्मभराचे बांधलेले. क्लबचा दंतकथा झालेला खेळाडू म्हणजे कोण, या वादाकडे मी इथून बघतो. चांगला खेळाडू, महान खेळाडू, सर्वाधिक गोल करणारा खेळाडू हे सगळं आकड्यांनी ठरवता येतं. दंतकथा कोण, हे तो पेटारा डोक्यावर घेऊन चालणारे ठरवतात. माझ्या मते त्यांची कसोटी एकच असते: हा माणूस आमच्या हरण्यात वाटेकरी झाला का?

मी बांद्याकडचा. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा सुरू. आमच्या भागात फुटबॉलचं वेड आलं ते तिकडूनच. म्हापशाला, पणजीला कामाला जाणारी माणसं रात्री परतताना सामन्याच्या गोष्टी घेऊन यायची. आज आमची पोरं एफसी गोवा या क्लबचा नारिंगी शर्ट घालून सामना बघायला मडगावजवळ फातोर्ड्याच्या स्टेडियमला जातात. सामना साडेसातचा असला तर संपायला साडेनऊ वाजतात, परतीला सोयीची गाडी नसते, म्हणून मोटरसायकली. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. जिंकून परतताना हा रस्ता लहान वाटतो. हरून परतताना जुवारीचा पूल, पर्वरीचा चढ, म्हापसा, कोलवाळ, एकेक ठिकाण अंगावर येतं आणि कोणी कोणाशी बोलत नाही.

२० डिसेंबर २०१५ च्या रात्री असेच परतलो होतो. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, समोर चेन्नईयिन, आणि मैदान आपलं, फातोर्ड्याचं. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने फ्रीकिकवर गोल केला आणि गोवा २-१ ने पुढे गेला. सगळं स्टेडियम उभं होतं, अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. पुढच्या पाच-सहा मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि ३-२ ने हरलो. कोलवाळला चहासाठी थांबलो तेव्हा आमच्यातला एक जण फक्त एवढंच म्हणाला, "फुडच्या वर्साक बघूया." पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, गोवा गुणतक्त्यात अगदी शेवटी होता.

मी हे सांगतो ते एका कारणाने. आमच्यात सतत वाद होतो की एफसी गोवाचा सगळ्यात मोठा माणूस कोण, कोरो की मंदार? कोरो म्हणजे फेरान कोरोमिनास, तो २०१७ मध्ये आला, तीन मोसम खेळला आणि आयएसएलच्या ५७ सामन्यांत ४८ गोल करून गेला. असा गोल करणारा माणूस आमच्या किनाऱ्यावर त्याआधी मी पाहिला नव्हता. दोन पावलांत बचावपटूला चुकवायचा आणि चेंडू जाळ्यात अशा शांतपणे ठेवायचा, जणू देव्हाऱ्यात फूल ठेवतोय. मंदार राव देसाई हा गोव्याचाच मुलगा. २०१४ च्या पहिल्या मोसमापासून सहा वर्षं तो डाव्या बाजूने धावत राहिला, आधी पुढे, मग मागे बचावात. कर्णधारपदही सांभाळलं. गोल मोजले तर तुलनाच होत नाही.

तरीही माझा मावसभाऊ मंदारचं नाव घेतो, आणि मला त्याचं म्हणणं पटतं. तो म्हणतो, "कोरो इलो तेवा आमी जिंकाक लागलंव. मंदार आमी हरी होतंव तेवाय होतो." २०१५ ची ती रात्र आणि २०१६ चा तळ हे दोन्ही मंदारने भोगलं. कोरोनेही २०१९ चा अंतिम सामना हरलेला पाहिला, बंगळूरूविरुद्ध, जादा वेळेत, एकुलत्या एका गोलाने. त्याचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण कोरोच्या गोष्टी सांगताना आपण कोरोविषयी बोलतो. मंदारच्या गोष्टी सांगताना आपण आपल्याविषयी बोलू लागतो.

२०२० मध्ये मंदार मुंबई सिटीला गेला. त्याच वर्षी गोव्याचे जाहू, बूमूस, फॉल हे तिघे खेळाडूही तिकडेच गेले. करोनामुळे तो मोसम गोव्यातच, प्रेक्षकांविना झाला आणि उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टींवर ६-५ ने हरवलं. आमच्याच भूमीवर, रिकाम्या स्टेडियममध्ये. पुढे मुंबई विजेती झाली. त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या आमच्या पोरांपैकी कोणी मंदारला शिव्या दिल्या नाहीत. वाईट वाटलं, एवढंच. ज्याने सहा वर्षं दिली त्याच्याबद्दल वाईट वाटतं, राग येत नाही. या दोन भावनांमधलं अंतर फार महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक लोक या वादात ते विसरतात.

कारण बहुतेकांची पहिली व्याख्या असते: जो क्लब सोडून गेला नाही, तो. ही व्याख्या सोपी आहे आणि अपुरी आहे. इटलीत २००० च्या उन्हाळ्यात गाब्रिएल बातिस्तुता फिओरेंतिना सोडून रोमाला गेला. त्याच उन्हाळ्यात स्पेनमध्ये लुईस फिगो बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदला गेला. दोघंही आपापल्या क्लबचे लाडके, दोघांनाही मोठा पैसा मिळाला. फिगो माद्रिदच्या शर्टात बार्सिलोनात खेळायला आला तेव्हा कान फुटतील असा आवाज झाला, आणि २००२ मध्ये तर कॉर्नर घ्यायला गेलेल्या फिगोच्या दिशेने डुकराचं मुंडकं भिरकावलं गेलं. ते कृत्य मला कधीच मान्य होणार नाही. माणसावर काही फेकायचं नसतं, तो कितीही दुखावून गेलेला असो. पण बातिस्तुता फ्लॉरेन्समध्ये आजही आपला मानला जातो. असं का?

कारण १९९३. त्या वर्षी फिओरेंतिनाची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. बातिस्तुता अर्जेंटिनाचा मुख्य स्ट्रायकर होता, पुढच्या वर्षी विश्वचषक होता, कुठलाही मोठा क्लब त्याला घ्यायला तयार झाला असता. तो राहिला. दुसऱ्या श्रेणीतल्या लहान लहान मैदानांवर खेळला, गोल केले, क्लबला एका वर्षात वर आणलं आणि त्यानंतरच्या मोसमात पहिल्या श्रेणीत २६ गोल करून सर्वांच्या पुढे राहिला. नऊ वर्षं तिथे काढली. इटलीचं विजेतेपद त्याला तिथे मिळालं नाही आणि वय तिशी ओलांडून गेलं, तेव्हा तो गेला. नोव्हेंबर २००० मध्ये रोमाकडून खेळताना त्याने फिओरेंतिनाविरुद्ध विजयी गोल केला. पाय चेंडूला लागला तो अप्रतिम लागला. सहकारी धावत आले, त्याला मिठ्या मारत होते आणि तो रडत होता. त्या मोसमात रोमाने विजेतेपद जिंकलं. फ्लॉरेन्सच्या माणसाने त्याच्याकडे बघून काय म्हटलं असेल, ते मला कल्पनेने कळतं. आमच्या मालवणीत त्याला एक वाक्य आहे, मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्याबद्दलचं: गेलो तर गेलो, पण जाताना मागे वळान बघल्यान.

कोकणी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या अर्ध्या घरांतून कोणी ना कोणी मुंबईला गेलेलं आहे. गेला म्हणून कोणी परका होत नाही. गणपतीला येतो का, शिमग्याला पालखी खांद्यावर घेतो का, घरात मयत झालं तर रात्रीची गाडी पकडून पोचतो का, यावर त्याचं आपलेपण ठरतं. फुटबॉलच्या समर्थकांचा हिशोब याहून फारसा निराळा नाही.

पुष्कळजण म्हणतात, हे सगळं भावनेचं बोलणं झालं, खेळाडू व्यावसायिक आहे, त्याची कारकीर्द बारा-पंधरा वर्षांची, एका दुखापतीत सगळं संपू शकतं, मग चार पैसे जास्त मिळतात तिथे का जाऊ नये? जावं. मी त्यात खेळाडूला अजिबात दोष देत नाही. भारतात तर नाहीच देत. आयएसएलचा पहिला मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर, दहा आठवड्यांत उरकला होता. मंदारसारखे कितीतरी खेळाडू आय-लीग या दुसऱ्या राष्ट्रीय लीगच्या क्लबांतून उसने आणलेले होते. २०२५ मध्ये तर पुढचा मोसम केव्हा सुरू होणार याचा ठावठिकाणा नव्हता आणि खेळाडू हवालदिल होते. अशा अवस्थेत निष्ठेची अपेक्षा धरायला आपल्याला तोंड नाही. पण म्हणूनच, ज्याला जायची मोकळीक होती आणि तरी जो थांबला, त्याच्या थांबण्याला मोल येतं. समर्थकाला क्लब बदलायची सोय नसते. बाप बदलता येत नाही, तसा. ज्याला सोय होती त्याने आपल्यासारखं वागायचं ठरवलं, ही गोष्ट समर्थक मरेपर्यंत विसरत नाही. अलेस्सांद्रो देल पिएरो २००६ मध्ये विश्वविजेता झाला आणि त्याच महिन्यात त्याचा युव्हेंटस गैरव्यवहाराच्या प्रकरणात दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. बरेचजण गेले. तो थांबला, आणि दुसऱ्या श्रेणीत २० गोल करून सर्वाधिक गोल करणारा ठरला.

करंडकांचा मुद्दा मी फार वेळ घोळवणार नाही. साउदॅम्प्टनच्या मॅट ले टिसिएने १९८६ ते २००२ पर्यंत एकाच क्लबकडून २०९ गोल केले आणि त्याच्या घरात एकही मोठा करंडक नाही. तरी त्या शहरात त्याला देव म्हणतात. दुसरीकडे पाओलो माल्दिनी, मिलानकडून ९०२ सामने, पाच वेळा युरोपचा विजेता, आणि २००९ मध्ये घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात मिलानच्याच काही कट्टर समर्थकांनी त्याची हुर्यो उडवली, कारण तो त्यांना पूर्वी कधीतरी स्पष्ट बोलला होता. तिथे समर्थक चुकले. जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो तो सगळ्यांच्या वतीने ओरडतो असं नसतं, हे आमच्या गावच्या बैठकीतही दिसतं.

केनी डॅल्ग्लिशचं मात्र थांबून सांगायला हवं. लिव्हरपूलचा तो मोठा खेळाडू होताच, १९८६ मध्ये खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही भूमिकांत असताना लीग जिंकून देणारा गोल त्यानेच केला. पण १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरोच्या स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली, जिच्यातल्या मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. त्यानंतरच्या दिवसांत डॅल्ग्लिश अंत्यविधींना जात राहिला, एका दिवशी चार-चार ठिकाणी. घरच्यांजवळ बसला. शहराने त्याला तेव्हा वेगळ्या जागी नेऊन ठेवलं. त्याचे गोल आजही कोणी विसरलेलं नाही, पण आज लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानातल्या एका स्टँडवर त्याचं नाव आहे ते बघताना तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आधी ते अंत्यविधी आठवत असतील, अशी माझी खात्री आहे.

आणि क्रिस्तियानो ज्युनियर. माझ्या कसोटीला सगळ्यात मोठा धक्का देणारं हे नाव आहे. ब्राझीलचा हा स्ट्रायकर ईस्ट बंगालकडून २००४ मध्ये धेंपो या गोव्याच्या क्लबात आला. काही महिनेच झाले होते. ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरूच्या कांतीरवा स्टेडियममध्ये फेडरेशन कपचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. धेंपोने २-० ने जिंकला, दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो पडला आणि उठला नाही. पंचवीस वर्षांचा होता. धेंपोने त्याचा दहा क्रमांकाचा शर्ट निवृत्त केला.

इथे वर्षं मोजता येत नाहीत, थांबला की गेला हेही विचारता येत नाही. त्या दिवशी आमच्या बाजारातल्या दुकानाच्या टीव्हीवर बातमी आली तेव्हा करंडक जिंकल्याचा आनंद कोणाच्या चेहऱ्यावर नव्हता. ज्या लोकांनी आदल्या दिवसापर्यंत त्याचं नाव नीट उच्चारलं नव्हतं ते लोक त्याच्या आईबद्दल बोलत होते. मला वाटतं, तिथे वाटेकरी होण्याची दिशा उलटी झाली. त्याच्या हरण्यात क्लब वाटेकरी झाला, समर्थक वाटेकरी झाले. दंतकथा दोन्ही बाजूंनी बनते. खेळाडूने आपल्याला धरून ठेवायचं, आणि क्लबने, समर्थकांनी त्याला.

इथेच मला आमच्या किनाऱ्यावरच्या क्लबांशी भांडायचं आहे. आय-लीगचे पहिले सहा मोसम आठवून बघा. २००७-०८ धेंपो, मग चर्चिल ब्रदर्स, मग पुन्हा धेंपो, मग साळगावकर, मग धेंपो, मग २०१२-१३ मध्ये चर्चिल. सहाच्या सहा विजेतेपदं एवढ्याशा गोव्यात. रान्ती मार्टिन्सने एका मोसमात ३२ गोल केले ते धेंपोकडूनच. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, ही नावं आम्ही शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचो, अकरा जणांचा संघ मांडून. आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनीही राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. त्यांची कारणं खरी होती. देशातली मुख्य लीग बदलत होती, नव्या रचनेत या क्लबांना जागा मिळेना. दोष त्यांच्या एकट्यांचा नाही, वरच्यांचा अधिक. त्याआधी २०१० मध्ये मुंबईत महिंद्र युनायटेड बंद झाला होता, राष्ट्रीय लीग जिंकून चारच वर्षं झाली असताना. चाळीत राहणाऱ्या आमच्या कितीतरी कोकणी नातेवाइकांचा तो संघ होता.

खेळाडू थांबला नाही तर आपण त्याला जाब विचारतो. क्लबच थांबला नाही तर कोणाला विचारायचं? ब्रह्मानंद संखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक साळगावकरने देशाला दिला, तो भारताचा कर्णधार झाला, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण आज दहा वर्षांच्या पोराने साळगावकरचा सामना देशाच्या लीगमध्ये पाहिलेला नाही. मग त्याला ब्रह्मानंदांची गोष्ट कोणत्या शर्टाकडे बोट दाखवून सांगायची? दशावतारात आख्यान लावायला नट लागतो तसा पेटाराही लागतो. पेटाराच कोनाड्यात पडून राहिला तर आख्यान विसरायला एक पिढी पुरते. क्लब चालवणं परवडत नसेल तर निदान समर्थकांना भागीदार करून घ्या, जुने शर्ट, फोटो, सामन्यांची पत्रकं लोकांना बघायला ठेवा, जुन्या खेळाडूंना मोसमातून एकदा मैदानावर बोलवा. निरोपाच्या दिवशी फोटोखाली मोठ्या अक्षरांत 'लेजंड' लिहून टाकणं सोपं आहे. दहा वर्षांनी त्याच माणसाला फातोर्ड्याच्या प्रवेशद्वारावर सुरक्षारक्षकाने ओळखावं, यासाठी काम करावं लागतं.

आमच्या वाडीच्या संघात एक गोलकीपर होता. गोव्यात कारखान्यात कामाला, सहा दिवस पाळी, आणि कापणी झाल्यावर मळ्यात सामने सुरू झाले की रविवारी सकाळी हजर. शेजारच्या गावाने त्याला सामन्यामागे पैसे देऊ केले होते, आणि त्याला पैशांची गरज होती हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो गेला नाही. एका अंतिम सामन्यात त्याच्या दोन्ही पायांमधून चेंडू गेला आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे मळ्यात गेलो तर तो एकटा जाळी सोडवून घडी घालत होता, कारण ती जाळी भाड्याची होती आणि आठच्या गाडीने परत पाठवायची होती. आम्ही काही न बोलता दुसऱ्या टोकाला धरलं. त्याने जिंकून दिलेले सामने मला आठवत नाहीत.

धेंपो २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परत आला. बातमी कळली त्या आठवड्यात मी माझ्या भाच्याला घेऊन म्हापशाहून परतत होतो. मोटरसायकलवर मागे बसून तो प्रश्न विचारत होता आणि मी बोलता बोलता क्रिस्तियानोचं नाव घेतलं.

"मामा, क्रिस्तियानो म्हणजे रोनाल्डो मा?"

"नाय रे. दुसरो. आमचो."

"धेंपोत होतो? मग आता खंय आसा?"

मी गाडीचा वेग कमी केला. पत्रादेवी यायला अजून बराच रस्ता होता.